कोकण किनाऱ्यावर सायकलने जाताय? थांबण्याच्या बाबतीत या चुका टाळा

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग सायकलवर करून आलेल्या माणसाला विचारा, काय पाहिलंस? तो सांगेल, "सात दिवस, पाचशेच्या वर किलोमीटर, चढ म्हणजे काय विचारू नका." पाहिल्याचं फारसं काही निघत नाही. पहिल्या फेरीनंतर माझंही तेच झालं होतं. फोनमध्ये तीनशे फोटो, त्यातले निम्मे बॅरिकेडला टेकवलेल्या सायकलचे.

या रस्त्यावर देखावा वाटेत पडलेला नसतो. त्याची जागा ठरलेली आहे, वेळही ठरलेली आहे. मुक्काम आणि अंतरं आपण महिनाभर आधी लिहून काढतो, पण थांबे मात्र "दिसेल तिथे थांबू" म्हणून सोडून देतो. बाकीच्या चुका बहुतेक इथूनच निघतात.

उतारावर समुद्र बघणं

कोकणातला रस्ता सड्यावरून, म्हणजे उंचावरच्या कातळी पठारावरून, खाडीत उतरतो, पूल किंवा जेटी येते, की पुन्हा सड्यावर चढतो. दिवसातून तीन-चार वेळा हेच. त्यामुळे समुद्र पहिल्यांदा दिसतो तो नेमका उतार सुरू होताना. तेव्हा अर्धा तास चढून आलेलो असतो, आता फुकटचा वेग मिळणार म्हणून हात ब्रेकवरून सुटलेले असतात. वळणावर खाली निळी खाडी उघडते, मान तिकडे वळते आणि पुढचं चाक कडेच्या लाल खडीत जातं. माझं गेलं होतं. कोपर सोलण्यावर निभावलं, पण हँडल वाकडं झालं आणि उरलेला घाट पायी उतरलो.

म्हणून चढ संपला की उतरायचं, तिथेच. पाणी प्या, दोन पावलं कडेकडे चाला, पोटभर बघून घ्या आणि मग उतारावर फक्त रस्ता बघा. मुरूड सोडल्यावरचा चढ हे याचं उत्तम उदाहरण आहे. वरून राजपुरीची खाडी आणि तिच्या तोंडाशी बसलेला जंजिरा असा दिसतो, तसा खाली होडीत बसल्यावर दिसत नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशीही तेच. खाली माडांचं आगर, पलीकडे हर्णैच्या अंगाला सुवर्णदुर्ग. घाईघाईत खालून निघून गेलात तर आंजर्लं म्हणजे एक वाडी एवढंच लक्षात राहील.

समुद्र कुठल्या हाताला आहे हे विसरणं

मुंबईकडून गोव्याकडे जाताना समुद्र उजव्या हाताला आणि आपण डाव्या कडेने. म्हणजे प्रत्येक देखाव्यासाठी रस्ता ओलांडणं आलं. वळणाच्या लगेच पुढे सायकल आडवी घालून पलीकडे जाणारे लोक मी पाहिले आहेत. मागून एसटी येत असते आणि ड्रायव्हरला वळणापलीकडचं काही दिसत नसतं. वळण संपल्यावर सरळ पट्टा येऊ द्या, डावीकडे पूर्ण थांबा, खाली उतरा, दोन्हीकडे बघा आणि सायकल हातात धरून ओलांडा.

मग गोव्याकडून वर का येऊ नये? येता येतं, समुद्र आपल्याच कडेला राहतो. पण हिवाळ्यात दुपारनंतरचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तो तोंडावर घ्यावा लागतो. मी दोन्ही करून पाहिलंय. तब्येतीला दक्षिणेकडे जाणं बरं, डोळ्यांना उत्तरेकडे येणं.

भरती-ओहोटी न बघता निघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि शहरातल्या माणसाच्या ती गावीही नसते.

हेदवीची बामणघळ घ्या. उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद, खोल भेग आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते आणि कोंडलेलं पाणी धडधडत उंच उसळतं. मी पोचलो तेव्हा भेगेच्या तळाशी पाणी नुसतं चुळबुळत होतं. जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "आज तिथी कंची?" मला कुठली माहीत! ते हसले. म्हणाले, "तिथीची पाऊणपट करायची नि मग यायचं."

हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो. तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज भरती पाऊण तासाच्या जवळपास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा सगळं मवाळ. बामणघळ बघायची तर उधाणाचे दिवस धरा आणि भेगेच्या काठापासून लांब उभे राहा.

हरिहरेश्वरला बरोबर उलटं. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग समुद्राकाठच्या खडकांवरून जातो, तो ओहोटीलाच करायचा. पाणी चढत असेल तर त्या वाटेला जायचंच नाही, कितीही लांबून आलेले असा. सोपी जुळणी सांगतो. पौर्णिमेला पहाटे उजाडता हरिहरेश्वर करा, ओहोटी असते. तिथून बाणकोट, हर्णै, दाभोळ करत तीन दिवसांनी, म्हणजे वद्य तृतीयेला, हेदवीला पोचलात तर भरती सव्वादोनच्या सुमारास. जेवण उरकून आरामात गाठता येते. मोबाइलवर भरतीची वेळ मिळतेच, तीही ताडून बघा.

सपाट रस्ता आला म्हणून सुसाट सुटणं

दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून. चढ-उतारांनी पिंडऱ्यांचा पिट्ट्या पडल्यावर इथे रस्ता पाण्याच्या अगदी शेजारून, बराचसा सपाट जातो. साहजिकच सगळे वेग धरतात आणि या किनाऱ्यावरचा सर्वांत देखणा पट्टा तासाभरात संपवून श्रीवर्धनला चहा पीत बसतात. माझं मत विचाराल तर एखादा दिवस चाळीस किलोमीटरचाच ठेवावा आणि तो इथे खर्चावा. सकाळी दहाच्या आत या. सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे पाण्याचा रंग आणि काळ्या खडकांची रेघ स्पष्ट दिसते. दुपारी तीननंतर नुसती चकाकी.

उन्हाचा हा हिशोब कातळशिल्पांनाही लागू. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. भर दुपारी त्याच्यासमोर उभं राहिलात तर "कुठाय?" असं विचाराल, कारण उथळ रेषांत सावलीच पडत नाही. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन हवं. सायकल बाहेर ठेवा, चित्रावरून चालू नका.

फेरीबोटीत बसून मोबाइल बघणं

आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. चार खाड्या, चार फेरीबोटी. दाभोळची सेवा २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्यांना चिपळूणचा वळसा होता. सायकल लोखंडी कठड्याला बांधा आणि वर जा. वाशिष्ठी नदीचं मुख मधोमध उभं राहून बघण्याची हीच एक जागा. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आदल्या मुक्कामी फोन करून विचारा. ती चुकली तर तो वळसा आजही तसाच आहे, आणि सायकलला तो एका संध्याकाळीत जमत नाही.

सूर्यास्तासाठी मुक्कामापासून लांब थांबणं

आरे-वारेच्या टेकडीवर हे हमखास घडतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख. रत्नागिरी अजून बाकी, रस्त्यावर दिवे नाहीत, गुरं मधोमध बसलेली. सूर्यास्त मुक्कामाच्या गावातच बघा. अडकलातच तर पुढचा-मागचा दिवा लावा, एकट्याने उतरू नका, आणि जवळच्या वाडीत विचारा. घरगुती राहण्याची सोय बहुतेक गावांत असते.

सायकल वाळूत नेणं

फोटो छान येतो, कबूल. पण खारं पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की दुसऱ्या दिवशी चढावर ती करकरायला लागते. नेलीच असेल तर त्याच संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, फडक्याने कोरडी करा, तेल घाला. डिस्क ब्रेकवर तेलाचा थेंब पडू देऊ नका, आणि घाट उतरून आल्या आल्या डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणारे) बूट घालून शेवाळलेल्या खडकावर जाऊ नका. एक जुनी चप्पल कॅरिअरला अडकवून ठेवायची.

आणि चढावर थांबायची वेळ आलीच तर थांबण्याआधी हलका गिअर टाका. जड गिअरवर थांबलात तर निघताना पहिलं पॅडल फिरत नाही, मागे सामान आणि समोर चढ. तेव्हा उतरा, मागचं चाक उचलून पॅडल हाताने फिरवत गिअर हलका करा आणि रस्ता मोकळा असेल तर सायकल थोडी तिरकी धरून निघा.