ग्रहांचे फोटो काढायला रंगीत कॅमेरा की मोनो? या चुका टाळा

ग्रहांच्या छायाचित्रणाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: "मोनोच घे, बारकावे जास्त येतात." मोनो म्हणजे कृष्णधवल कॅमेरा, ज्यात रंगासाठी लाल, हिरवा आणि निळा फिल्टर पाळीपाळीने लावावा लागतो. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. कॅमेरा निवडताना आधी ठरवायला हवं की आपण कशाचे फोटो काढणार आणि एका रात्रीत आपल्याला सलग किती वेळ मोकळं आकाश मिळतं. हे न ठरवता मोनो घेणारे पुढे फिल्टर बदलण्यालाच कंटाळतात. उलट, रंगीत कॅमेऱ्याच्या नावाने होणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं कारण कॅमेरा नसतोच.

फक्त पिक्सेलचा हिशेब करणं

रंगीत सेन्सरमध्ये दर चार पिक्सेलपैकी दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळ्या फिल्टरखाली असतो. या रचनेचं पेटंट १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बायर यांना मिळालं, म्हणून ती बायर रचना. लाल रंगाची खरी नोंद चारातला एकच पिक्सेल करतो आणि उरलेल्या तीन जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. मोनोत फिल्टर सेन्सरच्या बाहेर, फिल्टर व्हीलमध्ये, म्हणजे फिल्टर बदलायच्या चकतीत असतो आणि प्रत्येक रंगाला सगळे पिक्सेल मिळतात. इथपर्यंत मोनो सरळ सरस.

पण ग्रहाचा फोटो एका फ्रेमवर बनत नाही. आपण हजारो फ्रेम घेतो आणि त्या काळात हवेच्या थरथरीमुळे, दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटच्या ट्रॅकिंगमधल्या बारीक चुकांमुळे ग्रह सेन्सरवर सतत इकडेतिकडे सरकत असतो. बिंबावरची एकच जागा कधी लाल पिक्सेलवर येते, कधी हिरव्या. ऑटोस्टॅकर्टसारखं सॉफ्टवेअर स्टॅकिंग करताना, म्हणजे अनेक फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवताना, याचा फायदा घेतं आणि कागदावर मोठा दिसणारा फरक बराच आटतो. हवा बेताची स्थिर असलेल्या रात्री तो दिसेलच असं नाही.

गुरूचा वेग विसरणं

मोनो घेताना सर्वांत कमी विचार याच गोष्टीचा होतो. गुरू सुमारे ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. बिंब ४५ आर्कसेकंदांचं (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असेल तर मधल्या भागातले ढग मिनिटाला साधारण ०.२४ आर्कसेकंद सरकतात. २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे तिला वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, सुमारे ०.५८ आर्कसेकंद. म्हणजे अडीच मिनिटांत गुरूवरचा तपशील दुर्बिणीला कळेल इतका हललेला असतो.

आता मोनोचा क्रम पाहा: एक मिनिट लाल, एक मिनिट हिरवा, एक मिनिट निळा, मध्ये दोनदा फिल्टर बदलायचा आणि फोकस तपासायचा. चार मिनिटं सहज जातात. तिन्ही रंग तसेच एकमेकांवर ठेवले तर ढगांच्या कडांना रंगीत किनार येते आणि गुरूचा उपग्रह लाल, हिरवा, निळा अशा तीन ठिपक्यांत फुटतो. फोटोत हे दिसलं तर फिल्टरला दोष देऊ नका. विनज्युपॉस या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाची प्रतिमा एकाच क्षणावर फिरवून आणता येते. त्यासाठी रेकॉर्डिंगची वेळ अचूक हवी, तेव्हा सुरू करण्याआधी कॉम्प्युटरचं घड्याळ जुळवून घ्या. उपग्रह आणि त्यांच्या सावल्या मात्र बिंबाबरोबर फिरत नाहीत, त्या वेगळ्या सांभाळाव्या लागतात.

रंगीत कॅमेऱ्यात तिन्ही रंग एकाच क्षणी येतात. ढगांमधून पाच-दहा मिनिटांचीच उघडीप मिळत असेल तर माझं स्पष्ट मत रंगीतच्या बाजूने आहे. लाल आणि हिरवा झाल्यावर ढग आले तर मोनोवाल्याच्या हाती पूर्ण फोटो येतच नाही. मंगळाच्या बाबतीत एवढी घाई नसते. त्याची एक फेरी सुमारे २४ तास ३७ मिनिटांची.

ग्रह खाली असताना एडीसी न लावणं

बिंबाच्या एका कडेला निळी आणि विरुद्ध कडेला लाल किनार दिसत असेल तर कारण आपलं वातावरण आहे. ते प्रिझमसारखं रंग पसरवतं. समुद्रसपाटीवर, ग्रह ३० अंश उंचीवर असताना जांभळ्यापासून लाल टोकापर्यंत हा पसारा दोन आर्कसेकंदांहून जास्त होतो, म्हणजे वर सांगितलेल्या २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या विभेदनक्षमतेच्या तिप्पट-चौपट. सॉफ्टवेअरमध्ये तीन रंग सरकवून जुळवता येतात, पण एकाच रंगाच्या आत झालेला पसारा तसाच राहतो. म्हणून रंगीत कॅमेऱ्याबरोबर एडीसी, म्हणजे हा पसारा भरून काढणाऱ्या प्रिझमची जोडी, मी चैनीची वस्तू मानत नाही. मोनोलाही, विशेषतः निळ्या फिल्टरला, तिचा फायदा होतो.

अवरक्त किरण आत सोडणं

गुरू फिका, तांबूस आणि थोडा मऊ दिसतोय? ग्रहांसाठीच्या अनेक रंगीत कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे साधी काच असते आणि बायर फिल्टर अवरक्त प्रकाश अडवत नाहीत. अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारा यूव्ही-आयआर कट फिल्टर लावला की रंग जाग्यावर येतात.

याच उणिवेचा उपयोगही आहे. ८५० नॅनोमीटरच्या पुढे तिन्ही रंगांचे पिक्सेल जवळजवळ सारखेच संवेदनशील असतात, त्यामुळे योग्य फिल्टर लावल्यास रंगीत कॅमेरा तिथे मोनोसारखा वागतो. आयएमएक्स ४६२ सारख्या सेन्सरने गुरूचा ८८९ नॅनोमीटरचा मिथेन पट्टाही (मिथेन वायू शोषून घेतो तो प्रकाश) टिपता येतो. एक्स्पोजर मात्र बरंच वाढवावं लागतं.

रेकॉर्डिंगची सेटिंग

रंगीत व्हिडिओ थेट घेऊ नका. आरजीबी २४ या रंगीत प्रकारात डेटा तिप्पट होतो आणि फ्रेमचा वेग पडतो. रॉ ८, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद ठेवा, एसईआर प्रकारची व्हिडिओ फाइल घ्या, रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये तयार करा. गुरू निळा किंवा हिरवट आला, किंवा बिंबावर बारीक जाळी दिसली, तर आधी सॉफ्टवेअरमध्ये बायर क्रम, म्हणजे चार पिक्सेलमधल्या रंगांचा क्रम, बदलून पाहा. आरजीजीबीच्या (लाल, हिरवा, हिरवा, निळा) जागी बहुधा दुसराच क्रम लागू असतो. मूळ नोंद शाबूत असते.

फोटो मोठा पण पुसट येत असेल तर फोकल रेशो, म्हणजे दुर्बिणीची नाभीय लांबी भागिले व्यास, तपासा. मायक्रॉनमधल्या पिक्सेलच्या आकाराच्या पाचपट हा चांगला आरंभबिंदू आहे: २.९ मायक्रॉनला सुमारे एफ/१५. तिथून एफ/३० वर गेलात तर प्रकाश चौथाईवर येतो, एक्स्पोजर लांबतं आणि हवेची थरथर फोटोत उतरते.

मोनो खरोखर कुणी घ्यावा

चंद्र हे ज्याचं मुख्य लक्ष्य आहे, त्याने. तिथे रंगाचं काम फारसं नसतं, आणि लांब तरंगलांबीला हवेचा त्रास कमी होत असल्याने लाल किंवा ६८५ नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणाऱ्या फिल्टरमधून मोनोने काढलेले फोटो अस्थिर रात्रीही टिकून राहतात. शुक्राचे ढग अतिनील किरणांत टिपायचे असतील तर बायर फिल्टर आड येतात, तिथे मोनोच हवा. सौर दुर्बिणीतून हायड्रोजन-अल्फाच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात सूर्य पाहणाऱ्यांनाही तोच, कारण रंगीत सेन्सरचे जेमतेम एक चतुर्थांश पिक्सेल तिथे कामाला येतात.

मोनो घेतलाच, तर निळ्या रंगाची प्रतिमा लाल प्रतिमेइतकी धारदार येत नाही म्हणून फिल्टर बदलायला धावू नका. कमी तरंगलांबीवर हवेचा परिणाम जास्त होतो. फोकस प्रत्येक फिल्टरला पुन्हा तपासा, निळ्याच्या जास्त फ्रेम घ्या आणि त्याला लालइतकं शार्पनिंग देऊ नका.