रोटरी फ्रेंडशिप एक्स्चेंज: कोल्हापूरच्या नव्या सभासदांसाठी

क्लबमध्ये नवीन आलेले सभासद फ्रेंडशिप एक्स्चेंजबद्दल विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा निवडीचा. दोन्हींची उत्तरं पुढे देते. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाकीचं सगळं तिच्यावर ठरतं. ही सहल नव्हे. तुम्ही दुसऱ्या देशातल्या कुणा रोटरी सभासदाच्या घरी राहायला जाता, त्यांच्या वेळेला उठता-जेवता, त्यांचं काम बघता आणि पुढे त्यांच्याकडची माणसं तुमच्या घरी येतात. ज्यांना युरोप बघायचाच आहे त्यांनी खुशाल टूर कंपनीबरोबर जावं, त्यात गैर काही नाही. एक्स्चेंजला मात्र माणसांत रमणारा माणूस लागतो.

व्यवस्था साधी आहे. दोन डिस्ट्रिक्टचे (म्हणजे रोटरीने क्लबांचे पाडलेले विभाग, सरकारी जिल्हे नव्हेत) फ्रेंडशिप एक्स्चेंज चेअरमन आपसांत पत्रव्यवहार करून तारखा, गटाची संख्या आणि कुणी आधी जायचं ते ठरवतात. कोल्हापूर डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये येतं. गोवा, बेळगावही त्यातच, त्यामुळे गटात सगळे आपल्याच क्लबचे असतील असं नाही. नवरा किंवा बायको बरोबर येऊ शकते. अलीकडे एकाच व्यवसायातल्या लोकांचे गटही निघतात. रोटरी इंटरनॅशनल यासाठी पैसे देत नाही. विमान, व्हिसा, विमा आपला. राहणं, घरचं जेवण आणि तिथलं फिरणं बहुधा यजमानांचं. नेमकं काय कुणाकडे, हे निघण्याआधी लेखी ठरवून घ्यावं. मैत्रीत हिशेब कशाला, असं म्हणून हा विषय टाळू नका. पुढे कुणालाच संकोच वाटू नये म्हणून तो आधीच बोलायचा.

आमचा गट जर्मनीत, म्युन्स्टरच्या आसपासच्या गावांत गेला होता, म्हणून शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचं सांगते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि अगदी उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शेवटच्या मुदतीच्या भरवशावर राहू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच कठीण असतं. फी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. यजमान क्लबच्या निमंत्रणपत्रात प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, आणि कुठल्या रात्री कुणाच्या घरी मुक्काम, हे असेल तर काम सोपं जातं. आपल्याकडे पासपोर्टवर एक नाव आणि बँकेत दुसरं, हा घोळ घरोघरी असतो. तो आधी निस्तरा.

भेटवस्तूंचा मोह आवरा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, खव्याची मिठाई घरीच ठेवायची. कांदा-लसूण चटणी नेता येते. दोन पिशव्यांत घट्ट बांधा. कोल्हापुरी चप्पल न्यायची तर यजमानांच्या पायाची मापं ईमेलवर मागवून घ्या. चप्पल लाईनमध्ये घेताना बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची आहे ना, हे विचारा, आणि ती कशी बनते हे स्वतःला सांगता येईल एवढं कारागिराकडून समजून घ्या. मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या म्हणून २०२५ मध्ये वाद झाला, तेव्हापासून हा प्रश्न हमखास येतो.

आता घरातलं. आपण पाहुण्याला गरम जेवण वाढतो, तीच आपली आपुलकी. तिकडे दुपारचं जेवण गरम, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला टेबलावर ब्रेड, चीज, खारवलेल्या काकड्या, टोमॅटो, झालंच तर सॉसेज. चूल पेटतच नाही. आमच्या गटातल्या काहींना पहिल्या संध्याकाळी वाटलं, आपलं येणं घरच्यांना जड झालंय की काय. तसं अजिबात नसतं, रोजचं जेवणच तसं आहे. वेस्टफालियातला, म्हणजे म्युन्स्टरच्या त्या भागातला, तो काळसर, जड, राईचा पंपरनिकल ब्रेड माझ्या यजमानीणबाईंनी बोटभर जाडीचा कापून, त्यावर लोणी पसरून माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यानंतर आम्ही दोन तास उठलो नाही. त्यांच्या आईचं दुखणं, माझ्या मुलीची दहावी, सगळं त्या टेबलावर बोलून झालं. स्वयंपाकात कुणी अडकलेलं नसल्यामुळेच तो वेळ मिळाला, हे मला तिथे फार जाणवलं. शाकाहारी असाल, उपवास असतील तर अर्जातच लिहा. टेबलावर बसल्यावर सांगितलं की घरच्यांची धांदल उडते.

रविवारी तिथे शांतता पाळतात. दुकानं बंद, ड्रिल मशीन किंवा गवत कापायचं यंत्रही कुणी चालवत नाही. कचऱ्याचे डबे वेगवेगळे. कशात काय टाकायचं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि आपला कचरा आपणच टाका. सात म्हणजे सात. एवढं सांभाळलं की बाकीच्या बारीकसारीक गोष्टी लोक समजून घेतात.

मला सगळ्यात जास्त जे मिळालं ते कामाच्या जागी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे, आणि माझे यजमान हीटिंग-प्लंबिंगचं वर्कशॉप चालवतात. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवशी राजवाडा होता. मी विनंती केली की मला तुमच्याबरोबर कामावर न्या. तिथे सतरा-अठरा वर्षांची मुलं पाइप जोडत होती, म्हणजे आपल्या भाषेत शिकाऊ उमेदवार. त्यांच्या या ट्रेडचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातला थोडा वेळ व्यवसाय शाळेत, बाकी प्रत्यक्ष कामावर, आणि पगार मालक देतो. परीक्षा कारागिरांच्या चेंबरची. एका मुलाने केलेला जोड मालकांनी मला हातात दिला, मग स्वतः केलेला दिला आणि फरक ओळखायला सांगितलं. मला ओळखता आला नाही. तो मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. आपल्याकडे आयटीआय झालेला मुलगा भट्टीपाशी उभा करायला आम्हाला किती महिने जातात, हे माझं रोजचं दुखणं. त्यामुळे त्या दुपारी मी पानंच्या पानं लिहून काढली. परत आल्यावर मोल्डिंगच्या मुलांसाठी आम्ही आठवड्यातून अर्धा दिवस शिकवणीचा ठेवला, तो अजून चालू आहे.

म्हणून नव्यांना आग्रहाने सांगते, आपल्या व्यवसायातल्या माणसाबरोबर एक अख्खा दिवस मागून घ्या. रोटरीत हे मुळातच आहे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाबरोबर पहिल्या बैठकीला बसलेले तिघे म्हणजे कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपीकामाचा व्यावसायिक. बैठका आळीपाळीने एकमेकांच्या कामाच्या जागी व्हायच्या.

तिथल्या साप्ताहिक बैठकीत आपल्याला दहा मिनिटं बोलायला सांगतात. क्लबच्या प्रकल्पांची यादी वाचू नका. आपलं गाव, आपलं काम आणि एखादा प्रश्न, एवढं पुरे. आणि ऐकायला जास्त वेळ ठेवा. एका वयस्क सभासदांनी आम्हाला सांगितलं की नाझी राजवटीत, १९३७ मध्ये, जर्मनीतले रोटरी क्लब विसर्जित झाले आणि युद्धानंतर, १९४९ पासून, पुन्हा उभे राहिले. विसर्जनाच्या आधीच ज्यू सभासदांना क्लब सोडावे लागले, हेही त्यांनी न टाळता सांगितलं. सभागृह शांत होतं. आपल्या इतिहासाबद्दल पाहुण्यांसमोर इतक्या सरळपणे बोलणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

एक्स्चेंज संपल्यावर आमच्यातले काहीजण स्वखर्चाने इटलीत गेले. कोल्हापूरकर म्हणून फ्लॉरेन्स बघायचंच होतं. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाहून परत येताना तिथे वारले, अवघ्या विशीत. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तिथल्या कॅशिने उद्यानात त्यांचं स्मारक आहे. जमलं तर जाऊन या.

आता यजमानपण. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेलांना हे सवयीचं असतं, घरच्यांना नाही. त्यासाठी सरकारच्या पोर्टलवर आधी आपल्या घराची नोंदणी मंजूर करून घ्यावी लागते. पाहुणे यायच्या दोन-तीन आठवडे आधीच ते उरका, आणि अडचण आली तर पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन विचारा.

महिने निवडायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पंचगंगेचा भरवसा नाही, २०१९ आणि २०२१ आपण पाहिलंय. ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखा साधल्या तर अंबाबाईचा किरणोत्सवही मिळतो. खासबाग मैदान दाखवाल तेव्हा शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचा आखाडा पाहिला आणि मग हे बांधून घेतलं, हे सांगा. पण त्याच्या आधी पहाटे एखाद्या तालमीत नेऊन लाल मातीतला सराव दाखवा.

आमच्या पाहुण्यांना सगळ्यात भावलं ते गुऱ्हाळ. आम्ही मुद्दाम अख्खी सकाळ तिथेच काढली. काहिलीत रस उकळायला लागला, भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली, झाऱ्याने ती काढली. हीटिंगवाले गृहस्थ चुलवाणापाशी वाकून चिपाडांची आग आणि हवा कशी ओढली जाते ते बघत बसले. गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरतो हे मी त्यांना सांगितलं होतं, त्यामुळे ते थर्मामीटर शोधत होते. गुळव्याने थेंबभर पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून पाहिली आणि काहील उतरवायला सांगितली. पाहुण्यांनी विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागली? मी मधे दुभाषी. गुळव्या म्हणाला, "धा हंगाम काहिलीवर काढलं वैनी, तवा म्हाताऱ्यानं झारा हातात दिला." पाहुण्यांनी आपली साडेतीन वर्षं सांगितली, आणि पुढचा तासभर त्या दोघांना कुणी तिसरा लागला नाही.

आपल्याकडून एक होतं, ते थांबवायला हवं. प्रत्येक क्लबला सत्कार करायचा असतो, शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं. पाहुणा रोज रात्री दहाला घरी येतो आणि यजमान कुटुंबाशी त्याची ओळखच होत नाही. शहरातल्या सगळ्या क्लबांनी मिळून एकच सत्कार ठेवावा आणि निदान एकाआड एक संध्याकाळ घरासाठी मोकळी सोडावी. जेवणाचंही तसंच. माझ्या सासूबाई पाहुणीच्या पुढ्यात वाटी सरकवत म्हणायच्या, "घ्या की वो, काय खाल्लंच न्हाई तुम्ही." पण तिकडे ताटात टाकणं वाईट समजतात, त्यामुळे त्या बिचाऱ्या पोट भरल्यावरही संपवत राहायच्या. थोडं वाढा, हवं तर पुन्हा घेतील. आधी पांढरा रस्सा द्या, तांबडा चमचाभर चाखायला.

नव्या सभासदांनी सुरुवात जाण्यापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी यजमान व्हा. येणाऱ्या गटातलं एक जोडपं दोन-तीन रात्री घरी उतरवून घ्या. एक स्वच्छ खोली आणि बाथरूम, एवढंच लागतं, बंगला नको. रोटरी वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याच महिन्यात सेक्रेटरींकडे नाव, घरात कोण कोण आहे, कुणाला कुठली भाषा येते आणि तुमचा व्यवसाय काय, हे लिहून द्या. व्यवसाय नीट लिहा. नुसतं 'बिझनेस' लिहिलं तर तुमच्याकडे कुणाला पाठवायचं हे डिस्ट्रिक्टवाल्यांना कळत नाही.