सुटली की पडणारी बाहुली आणि सोडली तरी उभी राहणारी बाहुली: दोघींना एका नाटकात कसं आणायचं

बाहुल्यांच्या नाटकात मागे पडदा लावला, त्यावर अ‍ॅनिमेशन सोडलं की झालं प्रायोगिक, असं असतं तर बरं झालं असतं. आमच्या पहिल्या तालमीत आम्ही तेच केलं आणि बघायला आलेले चौघंही पूर्णवेळ पडद्याकडे बघत बसले, पुढे तीन माणसं घामाघूम होऊन एक बाहुली चालवतायत तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. अंधारात उजेडाचं हलतं चित्र असेल तर डोळा तिकडेच जाणार, त्यात प्रेक्षकाचा काही दोष नाही. म्हणून सामानाची यादी करण्याआधी एवढंच ठरवा की तुमच्या गोष्टीला दोन्ही का लागतायत.

आम्हाला उत्तर सापडलं ते बाहुल्या हातात घेऊन. रंगमंचावरची बाहुली हात सोडला की कोसळते, तिला सतत माणूस लागतो. स्टॉप मोशन म्हणजे वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची आणि ते फोटो जोडून चालवायचे. त्यातल्या बाहुलीचं बरोब्बर उलटं, हात बाजूला काढला तरच फोटो निघतो आणि सोडली तरी ती तश्शीच उभी राहायला हवी. म्हणजे एक माणसाशिवाय जगत नाही आणि दुसरीला माणूस दिसलेला चालत नाही. नाटक इथूनच काढलं आम्ही. सोसायटीतला रात्रपाळीचा वॉचमन, जागा असतो तोवर टेबलावरची बाहुली, त्याला डुलकी लागली की जिन्यातल्या चपला, मीटरबॉक्स, व्हिजिटरचं रजिस्टर आपापलं चालायला लागतं, ते सगळं पडद्यावर. नियम एकच, कुणी बघत नसताना हलतं ते स्टॉप मोशन. हा नियम एकदा ठरला की मोडायचा नाही, अगदी शेवटच्या पाच मिनिटांत मुद्दाम मोडायचा असेल तर गोष्ट वेगळी.

जमलं तर कुडाळजवळ पिंगुळीला एक चक्कर मारा. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, तिन्ही तिथे बघायला मिळतं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. कळसूत्री बघाच, पण माझं म्हणणं असं की आपल्या कामासाठी चित्रकथी नीट बघा. चित्र हलत नाही, नुसतं समोर धरलेलं असतं आणि गाणं, वीणा, टाळ, हुडुक यांच्या जोरावर बघणाऱ्याच्या डोक्यात ते हलतं. हे बघून आल्यावर आम्ही आमच्या शूटच्या यादीतला जवळजवळ निम्मा भाग उडवला, कारण स्थिर फोटो आणि चांगला आवाज एवढ्यावर काम भागत होतं.

आणि निम्मा भाग उडवणं ही गरज असते, कारण हिशोब भयंकर आहे. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे चित्रं, धरल्या आणि एक फोटो दोन फ्रेम्स चालवला तरी सेकंदाला १२ फोटो. चार मिनिटांच्या फिल्मला २,८८०. आमचं दिवसाला सात-आठ सेकंद निघायचं, तेसुद्धा लाइट गेली नाही तर, म्हणजे चार मिनिटांना महिना. त्यामुळे पाऊण तासाच्या प्रयोगात चार मिनिटांच्या वर फिल्म ठेवू नका. लूप वापरा, म्हणजे तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा. रजिस्टर श्वास घेतल्यासारखं वरखाली होतंय, दोन सेकंद, २४ फोटो, हे मिनिटभरसुद्धा फिरवत ठेवता येतं आणि कुणी तक्रार करत नाही.

आधी कधीच केलं नसेल तर काडेपेटी घ्या, मोबाइल पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवा, स्टॉप मोशन स्टुडिओसारखं एखादं अ‍ॅप टाका आणि दहा काड्या टेबलावर चालवून बघा. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा १९१५ च्या सुमारास आगकाड्या घेऊनच हा खेळ केला होता, तेव्हा लाजायचं कारण नाही.

आता आमची सगळ्यात महाग चूक. आम्ही आधी शूट केलं आणि मग तालीम. मीटरबॉक्सचं दार उघडून आतून चप्पल बाहेर येते हा शॉट ११ सेकंदांचा, १३२ फोटो, दीड दिवस. तालमीत कळलं की तेवढ्या वेळात वॉचमनची मान तीनदा पडते आणि सीन मरतो, हवे होते सहाच सेकंद. ६० फोटो गेले कचऱ्यात. तर क्रम असा ठेवा की पेन्सिलनं ओबडधोबड चित्रं काढायची, मोबाइलनं त्यांचे फोटो काढून जोडायचे, तो कच्चा व्हिडिओ, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक, भिंतीवर टाकून दोन आठवडे तालीम करायची, सेकंद पक्के झाले की मग कॅमेरा लावायचा. चित्रं कितीही घाण असली तरी चालतात, कंटाळा कुठे येतो ते त्यातूनही कळतं.

बाहुल्या दोन बनवायच्या, एकच दोन्हीकडे वापरायचा मोह टाळा. फिल्ममधली २०-२५ सेंटीमीटरची. मऊ अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी घेऊन ड्रिल मशीनला अडकवून पीळ द्यायचा, हाडांच्या जागी एम-सील लावायचं आणि सांधे मोकळे ठेवायचे म्हणजे ती हवी तिथेच वाकते. वर जुन्या बनियनचं कापड. पावलात नट बसवा आणि प्लायला भोक पाडून खालून स्क्रू पिळा, नाहीतर एका पायावर ती उभी राहणार नाही. तार कोपरात तुटते, तुटतेच, त्यामुळे हात काढता-घालता येईल असे करा. रंगमंचावरची मोठी, दोन-अडीच फुटांची, डोकं कागदाच्या लगद्याचं, सांधे मात्र सैल, कापडी पट्ट्यांचे, आणि पावलात वजन, म्हणजे पाय टेकला की टेकल्यासारखा दिसतो. एकूण वजन दीड किलोच्या आत ठेवा, पाऊण तास हवेत धरायचीय ती.

चालवायला बुनराकू या जपानी बाहुलीनाट्याची पद्धत उत्तम, मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. तिथे यात वर्षानुवर्षं जातात, आपण आपलं तीन महिन्यांत जेवढं होईल तेवढं. सुरुवातीला रोज दहा मिनिटं नुसता श्वास घ्यायला लावा. बाहुली काही करत नाही, तिघंही तिच्याबरोबर श्वास घेतात, छाती जराशी वर, जराशी खाली. चालणं-बिलणं नंतर येतं, पण श्वास नसेल तर पुढे ठेवलंय ते भरलेलं कापड आहे हे सातव्या रांगेतूनही कळतं.

शूटिंगबद्दल थोडक्यात. खिडकी पूर्ण बंद, पंखा बंद, कॅमेऱ्याचं सगळं मॅन्युअलवर, फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, यातलं एक जरी ऑटोवर राहिलं तरी चित्र लुकलुकतं. हलवणाऱ्याने काळा टीशर्ट घालायचा, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेड बाहुलीवर पडतो आणि तुम्ही मागेपुढे झालात की तो बदलतो. हे आम्हाला चाळीस फोटो काढल्यावर कळलं.

खरी मजा आहे ती अदलाबदलीत, म्हणजे वॉचमन टेबलावरून पडद्यात जातो तो क्षण. तीन युक्त्या चालल्या. एक, दिशा सांभाळायची, बाहुली टेबलावरून डावीकडे गेली तर पडद्यात उजवीकडून आत यायची. दोन, वस्तू तीच ठेवायची, आमची लाल पिचकलेली टॉर्च टेबलावरही तीच दिसते आणि फिल्ममध्येही, लहान मापाची करून. तीन, आवाज आधी सोडायचा, चपलेची फटफट सुरू झाली की प्रेक्षक आपणहून वर बघतो, त्याला बोट दाखवावं लागत नाही. आणि पडद्यावर काही चालू असेल तेव्हा टेबलावरच्यांनी बाहुलीसकट गोठायचं. उलट बाजूनंही तेच, एका वेळी एकानेच बोलायचं.

प्रोजेक्टर मागून टाका, पुढून टाकलात तर चालवणाऱ्यांच्या सावल्या पडद्यावर नाचतात. पडदा म्हणजे ट्रेसिंग पेपर किंवा मांजरपाट, चित्र उलटं करायचं विसरू नका. साधा प्रोजेक्टर साधारण दीडपट अंतर मागतो, सहा फूट रुंद चित्राला नऊ फूट, आणि छोट्या जागेत मागे नऊ फूट कुठून आणणार, म्हणून शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरातून मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टर, भाड्याने घ्या. आणखी एक, प्रोजेक्टरचा काळा हा काळा नसतो, करडा असतो. डुलकी लागायच्या आधीच पडद्यावर करडा चौकोन दिसला की सगळं फुटतं. इलाज आठ रुपयांचा, काळा पुठ्ठा काठीला लावून एकाने लेन्ससमोर धरायचा आणि क्यूवर, म्हणजे ठरलेल्या इशाऱ्यावर, काढायचा.

क्यूचं म्हणाल तर फिल्मने माणसांच्या मागे जायचं, माणसांनी फिल्मच्या मागे पळायचं नाही. फिल्मचे वीस-तीस छोटे तुकडे करा, प्रत्येकाच्या शेवटी लूप, आणि लॅपटॉपवर बसलेल्याने बाहुलीच्या मानेकडे बघून स्पेसबार दाबायचा. मॅक असेल तर क्यूलॅब हे क्यू चालवायचं सॉफ्टवेअर, नसेल तर पॉवरपॉइंटमध्ये काळ्या स्लाइड्स घालूनही निभतं. नुसत्या व्हिडिओ प्लेअरवर विसंबू नका, आमच्या दुसऱ्या प्रयोगात वॉचमन गाढ झोपला आणि पडद्यावर ऐटीत फाइलचं नाव आलं, फायनल फायनल दोन. लोक हसले म्हणून बरं.

हिंमत असेल तर एक सीन प्रेक्षकांसमोरच शूट करा. वेबकॅम टेबलावर, एकजण ताल धरतो, प्रत्येक टाळीला रजिस्टरचं पान जरासं हलवायचं, हात बाहेर, क्लिक. तीन मिनिटं हे चालतं, ३६ फोटो होतात, मग दिवे जातात आणि तीन सेकंदांची फिल्म दिसते. आमच्याकडे सगळ्यात मोठी टाळी याला पडते, कधी कधी पुन्हा दाखवा म्हणतात.

जागा छोटीच घ्या, ऐंशी-शंभर खुर्च्यांची, पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी. दोन फुटांची बाहुली पंधराव्या रांगेतून ठिपका दिसते. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, वेळेत द्या, संवाद कमी असले तरी द्यावीच लागते, आणि पडद्यावर काय दिसतं तेही शब्दांत लिहा.

प्रवासात मोठी बाहुली टांगून न्या, घडी घातली तर मान वाकडी होते. तारेच्या बाहुलीला फोममध्ये खाच करून आडवी ठेवा, सोबत चार जादा हात, एक पकड, एम-सीलची पुडी, आणि पुठ्ठ्याची काठी. ती काठी आम्ही एकदा घरीच विसरलो होतो, मग त्या प्रयोगात लेन्ससमोर तीस मिनिटं एकाने स्वतःची चप्पल धरली.