नव्या नाटकाचे संगीत करून घेण्यापूर्वी

हौशी नाट्यसंस्थेने नव्या नाटकासाठी संगीतकाराकडून गाणी आणि पार्श्वसंगीत करून घ्यायचे ठरवले, की पहिल्याच बैठकीत मानधन, तारखा आणि संहिता यांची बोलणी होतात. ती होणारच, म्हणून त्यांच्याविषयी येथे थोडेच लिहितो. बोलण्यात येत नाही ती गोष्ट म्हणजे गाणाऱ्या नटांची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वराला ‘सा’ धरून नट गातो तो स्वर. मागच्या नाटकाच्या वेळी तीच माझ्याकडून राहिली आणि चाली उत्तम असूनही नटांना त्या पेलल्या नाहीत. त्यामुळे सर्वांत आधी एवढेच करावे: पहिली चाल बांधली जाण्यापूर्वी संगीतकाराला प्रत्येक गाणाऱ्या नटाचा आवाज ऐकवावा.

नट ‘मी काळी दोनमध्ये गातो’ (म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरतो) म्हणाला, यावर विसंबू नये. त्याला पेटीसमोर बसवून खाली कुठवर आणि वर कुठवर सहज जाता येते ते टिपून घ्यावे, आणि हे काम सकाळच्या ताज्या आवाजावर न करता तालमीच्या शेवटी करावे, कारण प्रयोगात गाण्याची वेळ येते तेव्हा नट तासभर संवाद बोलून दमलेला असतो. पुरुष बहुधा काळी एकच्या आणि स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात, हा केवळ अंदाज आहे. आपल्या नटीची पट्टी पांढरी पाच असेल, तर संगीतकाराला पांढरी पाचच लिहून द्यावी. युगुलगीत असेल तर अधिकच जपावे. त्याची काळी एक आणि तिची काळी चार यांत पंचमाचे, म्हणजे ‘सा’ ते ‘प’ एवढे, अंतर पडते, आणि कोणत्या ओळी कोणाच्या गळ्याला झेपतील याचा विचार चाल बांधतानाच व्हावा लागतो.

‘पट्टी काय, नंतर बदलता येईल’ असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘म’पर्यंत) फिरणारी चाल दोन स्वर वर नेली की खालचे स्वर गळ्यात येतात, पण वरचे हाताबाहेर जातात. दोष पट्टीत नसून चालीच्या विस्तारात असतो आणि तो आवाज न ऐकता बांधल्यामुळे आलेला असतो. साथीचेही तेच आहे. काळी एकचा तबला काळी चारच्या गाण्याला मध्यमात, म्हणजे त्या गाण्याच्या ‘म’वर, लावून चालतो, म्हणून तो कोणत्याही पट्टीला चालेल असे नाही. ध्वनिमुद्रित साथ यंत्रावर एखाद्या स्वरापेक्षा जास्त सरकवली, तर वाद्यांचा पोत उघडपणे बिघडतो. आणि तालमी सुरू असताना नट बदलला, तर नव्या नटाची पट्टी त्याच दिवशी संगीतकाराला कळवावी. पुढच्या बैठकीत नव्हे, त्याच दिवशी.

आधी शब्द की आधी चाल, हे दुसऱ्या बैठकीपर्यंत ठरलेले असावे. आपल्या रंगभूमीला दोन्ही रीती परिचित आहेत; १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी नव्या चाली दिल्या, आणि त्याआधीच्या संगीत नाटकांत पदे बहुधा प्रचलित चालींवर रचली जात. कोणतीही रीत चालेल, परंतु कवी आणि संगीतकार एकमेकांची वाट पाहत बसले तर महिना फुकट जातो.

पार्श्वसंगीताची मागणी करताना ‘येथे काहीतरी करुण हवे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणत्या वाक्यावर सुरू व्हावे, कोणत्या हालचालीवर थांबावे आणि मधला वेळ किती, हे प्रवेश बसवल्यावर घड्याळ लावून संहितेच्या समासात लिहावे. नमुना म्हणून एखादे गाजलेले गाणे ऐकवण्याचा मोह टाळावा; संगीतकार त्याच्याच आसपास घुटमळत राहतो आणि नवे संगीत मागण्याचा हेतूच मागे पडतो. दुरुस्त्या सुचवणारी व्यक्ती एकच असावी, शक्यतो दिग्दर्शक.

करार लेखी असावा, मग संगीतकार कितीही जवळचा मित्र असो. पैसे दिले म्हणजे चाल आपली झाली, हा समज चुकीचा आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संगीतकाराच्या रचनेचा पहिला मालक तोच असतो, आणि हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह झाले तरच ते ग्राह्य ठरते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो, त्यामुळे परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळात प्रयोग करण्याचा विचार असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. तिन्हींचा उल्लेख हवा. संगीतकार आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे काम पाहणाऱ्या संस्थेचा) सभासद आहे का, हेही विचारावे, कारण सभासदांच्या सार्वजनिक सादरीकरणाचे हक्क त्या संस्थेकडे सोपवलेले असतात.

चाली तयार झाल्या की त्या संगीतकाराच्या आवाजात ऐकून पसंत करू नयेत. त्याच्या गळ्यात त्या शोभणारच. ज्याने गायच्या आहेत त्याने, त्याच्या पट्टीत, उभे राहून आणि प्रवेशातली हालचाल करत म्हणून पाहाव्यात, आणि मगच स्टुडिओची शिफ्ट ठरवावी. पट्टी पक्की झाल्याशिवाय ध्वनिमुद्रण नाही, यावर तडजोड नको.

बाकीचे थोडक्यात. वादकांचा खर्च मानधनात धरला आहे की वेगळा, हे आधी विचारावे. आवाजाविना साथीचा ट्रॅक स्वतंत्र मागून घ्यावा आणि सर्व फायली दोन ठिकाणी ठेवाव्यात. रंगीत तालमीला संगीतकार हजर असावा. जाहिरातीत त्याचे नाव त्याला विचारून छापावे. शेवटचा हप्ता अंतिम फायली हाती आल्याच्या दिवशी द्यावा.