पात्रप्रधान कादंबऱ्या वाचताना या चुका टाळा

‘पुस्तक बरं आहे, पण त्यात काही घडतच नाही.’ कोल्हापुरात कादंबऱ्यांवर गप्पा निघाल्या की हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि बहुतेक वेळा ते चांगल्या कादंबरीच्याच वाट्याला येतं. गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर प्रचंड खपलेल्या कितीतरी कादंबऱ्या एकाच माणसाभोवती उभ्या आहेत. कुठे चिडका म्हातारा, कुठे एकटी राहणारी तिरसट मुलगी, कुठे प्रयोगशाळेतून हाकलली गेलेली रसायनशास्त्रज्ञ. आपल्याकडे कुणी त्या इंग्रजीतून वाचतं, कुणी आधी सिनेमा बघतं आणि मग पुस्तकाकडे वळतं. वाचतात बरेच जण. पण रहस्यकथा किंवा ऐतिहासिक कादंबरी वाचायच्या सवयीनेच ही पुस्तकं वाचली, तर हाताला फारसं काही लागत नाही. अशा पुस्तकाला दोनच प्रश्न विचारत राहायचे असतात: हा माणूस असा का वागतो, आणि हे सगळं आपल्याला कोण सांगतंय? वाचकांच्या ज्या चुका मला वारंवार दिसतात, त्या या दोन प्रश्नांचा विसर पडल्यामुळेच होतात.

पहिल्या पन्नास पानांत पुस्तक मिटू नका

स्वीडिश लेखक फ्रेड्रिक बॅकमन यांची ‘अ मॅन कॉल्ड ऊवे’ ही कादंबरी मूळ स्वीडिशमध्ये २०१२ साली आली. ऊवे ५९ वर्षांचा आहे. रोज सकाळी उठून तो वसाहतीत फेरी मारतो, गॅरेजची दारं ओढून बघतो, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर लिहून घेतो, कचरा नीट वेगळा केलाय का ते तपासतो. साब सोडून दुसरी गाडी चालवणाऱ्यावर त्याचा विश्वास नाही. सुरुवातीला एवढंच आहे. ‘हा म्हातारा नुसता कटकट करतोय’ म्हणून अनेकांनी पुस्तक इथेच सोडलेलं मला माहीत आहे.

खासबागेत कुस्ती बघायला बसलेला जाणकार केवळ चितपट कोण झालं एवढंच बघत नाही. पहिल्या सलामीपासून कोणाचा पाय कुठे आहे, पकड कशी बसतेय, यावर त्याची नजर असते. अशा कादंबरीची पहिली पानं तशीच बघायची. जी गोष्ट दोनदा दाखवली जाते, तिच्यावर लक्ष ठेवा. ऊवेची ती फेरी नुसती सवय नाही. बायको, सोन्या, गेल्यावर दिवसाला आकार देणारं त्याच्याकडे एवढंच उरलंय, हे पुढे हळूहळू कळत जातं. मागची पानं वाया गेली नव्हती, हे तेव्हा ध्यानात येतं.

मग किती वाट बघायची? माझा ठोकताळा पानांचा नाही, माणसांचा आहे. नायकाला टाळता येणार नाही असं दुसरं माणूस पुस्तकात शिरेपर्यंत वाचा. ऊवेच्या बाबतीत ते माणूस म्हणजे शेजारी राहायला आलेली परवाना, मूळची इराणची, दोन मुलींची आई, तिसऱ्यांदा गरोदर. तिचा नवरा ट्रेलर मागे घेताना ऊवेच्या टपालपेटीवर घालतो आणि तिथून ऊवेचा एकटेपणा मोडायला लागतो. दुसरं माणूस आल्यावरही तुम्हाला काहीच वाटलं नाही, तर पुस्तक खुशाल परत करा. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय शहरात असताना दुसरं पुस्तक मिळायला अडचण नाही.

या पुस्तकाबद्दल आणखी एक गोष्ट. ऊवेने स्वतःचं जगणं संपवायचं ठरवलेलं आहे, आणि हे कादंबरीत लवकरच कळतं. ‘हलकंफुलकं आहे, वाच’ म्हणून ते कुणाच्याही हातात देऊ नका. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या माणसाला आधी विषय सांगा, मग त्याचं त्याला ठरवू द्या.

‘मला नायिका आवडली नाही’ हा निकाल नव्हे

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. गेल हनीमन यांची ‘एलेनॉर ऑलिफंट इज कम्प्लीटली फाइन’ २०१७ साली आली आणि पहिल्या कादंबरीसाठीचा कोस्टा पुरस्कार तिला मिळाला. एलेनॉर ग्लासगोतल्या एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. शुक्रवारी संध्याकाळी घरी जाते, पिझ्झा खाते, व्होडका पिते आणि सोमवारपर्यंत कुणाशीही बोलत नाही. दर बुधवारी आईशी फोन होतो. ऑफिसातल्या लोकांबद्दल ती इतकं कडवट बोलते की वाचणारा अस्वस्थ होतो.

राजारामपुरीत एका घरी जमणाऱ्या वाचनगटात या पुस्तकावर बोलणं चाललं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या काकूंनी पुस्तक समोर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मला नाही बाई पटली ही पोरगी. कुणालाही काहीही बोलती. असल्या पोरीवर एवढं मोठं पुस्तक कशाला लिहायचं?’

बँकेत नोकरी करणारी एकजण म्हणाली, ‘काकू, तिला दोन-दोन दिवस माणूस भेटत नाही की हो. बोलायचं कसं, हे शिकणार तरी कुणाकडनं?’

‘आपल्यात असं होत नाही. शेजारीपाजारी एवढं एकटं सोडतात व्हय कुणाला?’

‘भरल्या घरातबी होतंय की, काकू. आठ माणसांचं जेवण करून वाढणाऱ्या बाईला दिवसभरात तिच्याबद्दल एक शब्द कोण विचारत नाही, असं तुम्ही बघितलं नाही का?’

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने आईच्या फोनचा भाग काढून मोठ्याने वाचला. आईचं ते टोचून बोलणं, दुसऱ्याला तुच्छ लेखणं, मुलीला क्षणात खाली बघायला लावणं. वाचन संपायच्या आतच काकू म्हणाल्या, ‘अगंबाई, ही आईसारखंच बोलती की. ऑफिसात जे बोलती ते सगळं आईचं हाय.’

मला वाटतं, त्या संध्याकाळी पुस्तक खऱ्या अर्थाने उघडलं ते या वाक्याने. एलेनॉर काकूंना तरीही आवडली नसेल, आणि आवडायलाच पाहिजे असंही नाही. पण तिच्या बोलण्यात दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आहे, हे काकूंनी पकडलं. पात्राला चांगल्या वागणुकीचा दाखला द्यायला आपण बसलेलो नाही. तुम्हालाही पात्राचा राग येत असेल तर त्या रागावर बोट ठेवा: नेमक्या कुठल्या वाक्याने राग आला? ते वाक्य परत वाचा. बऱ्याचदा त्या पात्राची दुखरी जागा तिथेच असते.

या कादंबरीत मला सगळ्यात जास्त भावला तो रेमंड, ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. रस्त्यात पडलेल्या एका म्हाताऱ्याला मदत करताना तो आणि एलेनॉर जवळ येतात. दिसायला गबाळा, बोलायला साधा. लेखिकेने त्याला राजकुमार केला नाही. मैत्रीला मैत्रीच राहू दिलं, यासाठी मी तिचा आभारी आहे.

सांगणारा सांगेल ते सगळं खरं मानू नका

‘मी’ म्हणून बोलणारं पात्र आपल्याला लगेच जवळचं वाटतं, आणि मग त्याचं म्हणणं आपण तपासत नाही. काझुओ इशिगुरो यांच्या ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) मध्ये गोष्ट सांगते क्लारा, म्हणजे मुलांना सोबत म्हणून विकत घेतलं जाणारं यंत्र. ती खोटं बोलत नाही. तिला पूर्ण कळत नाही, एवढंच. ती सूर्याच्या उजेडावर चालते, म्हणून सूर्य माणसांनाही बरं करतो अशी तिची श्रद्धा आहे. घरातली मोठी माणसं तिच्यासमोर जे बोलतात त्याचा अर्थ ती सांगत नाही. तो आपण लावायचा असतो. क्लाराचंच सगळं खरं धरून वाचलं तर या कादंबरीतली अर्धी भीती निसटून जाते. एलेनॉरचं वेगळं आहे. तिला माहीत असलेल्या काही गोष्टी ती स्वतःपासूनच लपवते. दोघींचंही ऐकायचं, पण वेगवेगळ्या कानांनी.

खरं तर कोल्हापूरच्या वाचकाला हे नवं नाही. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. त्यात कर्ण स्वतः बोलतो, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्णही बोलतात. एकच आयुष्य, पण आई म्हणून सांगितलेलं वेगळं आणि मित्र म्हणून सांगितलेलं वेगळं. ज्या पिढीने ती कादंबरी पारायणं करून वाचली, त्या पिढीला निवेदक बदलला की सत्य कसं सरकतं, हे चांगलं ठाऊक आहे. तीच नजर नव्या पुस्तकांना लावायची. शंका आली की एक उपाय करून बघा: हाच प्रसंग समोरच्या पात्राने सांगितला असता तर कसा सांगितला असता, हे दोन ओळींत लिहा.

जिचं पटतं, तिला सगळं माफ करू नका

ही चूक चांगल्या मनाचे वाचक करतात. बॉनी गार्मस यांच्या ‘लेसन्स इन केमिस्ट्री’ (२०२२) मधली एलिझाबेथ झॉट १९६० च्या आसपासच्या अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ आहे. बाई म्हणून तिला डावललं जातं, आणि ती टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करता करता बायकांना रसायनशास्त्र शिकवते. तिचा लढा न्याय्य आहे यात वादच नाही. पण कादंबरी म्हणून बघितलं तर झॉट जवळजवळ कधीच चुकत नाही, आणि तिच्या विरोधातले पुरुष इतके सरळसोट वाईट आहेत की त्यांचं मन दिसतच नाही. मला ही कादंबरी वाचताना मजा आली. सहा-तीस नावाच्या कुत्र्याच्या नजरेतून आलेली पानं तर फारच आवडली. तरीही झॉटपेक्षा एलेनॉर माझ्यासोबत जास्त दिवस राहिली, कारण तिला चुकायची मुभा होती. मुद्दा पटला म्हणून पात्र जिवंत झालं असं होत नाही. या दोन गोष्टींवर वेगवेगळं मत द्यायला शिका.

बोलीला अडखळून थांबू नका

कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठलंय, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत जंगलाकडे जातो. बाहेरून सांगितलं तर गोष्ट एवढीशी वाटते. पण माणूस, जनावर आणि सुटलेली जमीन यांचं नातं त्यात असं काही दाटलंय की घाईने वाचणाऱ्याला ते दिसणार नाही. शहरात वाढलेली आपली मुलं ‘भाषा अवघड आहे’ म्हणून अशी पुस्तकं बाजूला ठेवतात. पानं मनात न वाचता मोठ्याने वाचा. गावाकडच्या आजी-आजोबांना वाचून दाखवता आली तर फारच उत्तम. डोळ्यांना अडलेला शब्द कानाला बऱ्याचदा लगेच कळतो. शिवाय पात्राचा स्वभाव त्या लयीतच असतो. सोप्या प्रमाण भाषेत त्याचा सारांश ऐकला तर देवाप्पा हातचा जातो.

बारीकसारीक अडचणी

नावं डोक्यात राहत नसतील तर खूण म्हणून ठेवलेल्या कागदावरच पात्राचं नाव आणि एक नातं लिहा. ऊवेच्या पुस्तकात, उदाहरणार्थ: ‘रूने – जुना मित्र, व्होल्वोवाला’. एवढं पुरतं. वंशावळ काढत बसू नका, वाचनाचा ओघ तुटतो.

एक प्रकरण आजचं, एक जुनं, अशी मांडणी असेल तर दिवसाचं वाचन प्रकरणाच्या मध्ये थांबवू नका. दुसऱ्या दिवशी आपण कुठल्या काळात आहोत ते शोधण्यातच दहा मिनिटं जातात.

सिनेमा आधी बघितला असेल तरी पुस्तक वाचा. ऊवेवर २०१५ मध्ये स्वीडिश सिनेमा झाला आणि २०२२ मध्ये टॉम हँक्स यांचा अमेरिकी सिनेमा आला, त्यात ऊवेचा ऑटो झाला. सिनेमात चेहरा दिसतो. पुस्तकात मात्र तो माणूस स्वतःशी काय बोलतो ते ऐकू येतं, आणि अशा कादंबरीचा जीव त्यातच आहे.

शेवट कुणाला सांगू नका, विशेषतः एलेनॉरचा. पुस्तक संपवल्या संपवल्या पाचपैकी किती तारे, हेही ठरवू नका. चार दिवसांनी कुठलं पात्र आठवतंय ते बघा आणि मग मत द्या.

आणि गटात बोलायचं असेल तर कथानक सांगण्यात पहिला अर्धा तास घालवू नका. प्रत्येकाने एकच पान निवडून आणावं, ते वाचावं, आणि ते पान का निवडलं एवढंच सांगावं. जमलं तर पान नायकाचं नको, एखाद्या दुय्यम पात्राचं निवडा. रेमंड, परवाना, झॉटच्या शेजारची हॅरिएट, ही माणसं नायकाला कशी बघतात यावर बोलणं सुरू झालं, की एकही पान न वाचता आलेला माणूससुद्धा घरी जाताना पुस्तक मागून नेतो.