औसा ओलांडलं की उजनीला थांबा

लातूरहून तुळजापूरला निघालात तर उजनीची बासुंदी चुकवू नका. चकचकीत फलक सोडा आणि जुनं, साधं हॉटेल गाठा. कढईत दूध आटताना दिसलं की आत शिरा. बासुंदी नुसतीच वाटीत घ्या. सोबत जिलेबी मागवली की आटलेल्या दुधाची चव हरवते, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात पार्सल टाळा, तापलेल्या गाडीत ती लवकर नासते.

नाष्ट्याची वेळ असेल तर आधी सुशीला आहे का विचारा: भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर डाळ्याचा कूट. पोहे कुठेही मिळतात, सुशीला मात्र मराठवाड्यातच खावा. सुट्टे पैसे जवळ असू द्या. गर्दी ओसरली असेल तर मालकांशी दोन शब्द जरूर बोला. हॉटेल कुणी सुरू केलं, हे त्यांच्याच तोंडून ऐका.