रेषेचा चढ: पेपरआधी काय पक्कं हवं

दहावीच्या गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमितीत रेषेचा चढ येतो. सूत्र मुलांना पाठ असतं, तरी गुण जातात, आणि बहुतेक वेळा ते चिन्हापायी जातात. म्हणून आधी ऋण संख्यांची वजाबाकी पक्की करा. ५ मधून −३ वजा केले की ८ उरतात, हे न अडखळता जमायला हवं. अडखळत असाल तर आज सूत्र बाजूला ठेवा आणि फक्त अशा वजाबाक्या करा.

मग सूत्राकडे वळा: वाय-निर्देशकांतला फरक भागिले एक्स-निर्देशकांतला फरक. समजा, बिंदू (−३, ४) आणि (५, −२) दिलेत. पहिला कोणता, दुसरा कोणता, हे उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहायची सवय लावून घ्या. कोणताही पहिला धरा, पण अंशात जो क्रम घेतला तोच छेदात हवा. अंशात −२ − ४, म्हणजे −६. छेदात ५ − (−३), म्हणजे ८. चढ −३/४. हा कंस कधीही गाळू नका! क्रम उलटा घेतला तर ६ भागिले −८, उत्तर तेच. वर एक क्रम आणि खाली दुसरा झाला, की ३/४ येतं आणि गणित चुकतं.

पडताळ्यासाठी कच्चा आलेख काढाच. इथे डावा बिंदू वर आहे, उजवा खाली; रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, म्हणजे चढ ऋणच हवा.

(४, १) आणि (४, ७) यांसारख्या बिंदूंत छेद शून्य होतो. तिथे ‘चढ ठरवता येत नाही’ असं लिहायचं, शून्य नव्हे. शून्य चढ एक्स-अक्षाला समांतर रेषेचा.

३०, ४५, ६० अंशांच्या टॅनच्या किमती पाठ असू द्या. रेषेने एक्स-अक्षाशी केलेल्या कोनाचा टॅन म्हणजेच तिचा चढ, आणि कोनावरून चढ विचारतात. के ची किंमत काढायचं एखादं उदाहरण सोडवून बघा: (२, के) आणि (५, ७) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ ३ असेल, तर के = −२.

एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेवरच्या, बिंदूंच्या प्रश्नात शेवटचं विधान विसरू नका. (१, −३), (३, १), (६, ७) घेतले, तर पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषांचे दोन्ही चढ २ येतात. पण नुसते समान चढ समांतर रेषांचेही असतात. (३, १) हा बिंदू दोन्ही रेषांवर आहे, हे लिहिलं तरच सिद्धता पुरी होते.